लेहऱ्याच्या वाटेने जॅझ फ्यूजन

तबला शिकलेल्या माणसाने जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉक-फंकचा मिलाफ, गिटारपासून ऐकायला घेऊ नये, बेसपासून, म्हणजे खालच्या खर्जातल्या सुरांपासून घ्यावं. हे मी ठामपणे सांगते, कारण मला वाट तिथेच सापडली.

ठाण्याच्या नौपाड्यात सरांकडे तबला शिकले, त्यामुळे ठेका कानात पक्का. जॅझ मात्र कधी जवळचं वाटलं नाही. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गुच्छ, इतक्या भराभर बदलायच्या की धरून राहायला काही हाती लागायचं नाही. मग एकदा ठाणे-वाशी लोकलमध्ये घणसोलीच्या भाच्याने त्याचा एक इअरफोन मला दिला. "मावशी, वरचं सगळं सोड. फक्त खालचा बेस ऐक." जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचं 'कमिलियन' होतं ते, १९७३च्या 'हेड हंटर्स' अल्बममधलं, पंधरा मिनिटांहून मोठं. रबाळे येईस्तोवर माझा हात मांडीवर चालू झाला होता. सिंथेसायझरवर वाजवलेली बेसची एक छोटी ओळ फिरून फिरून येते आणि तिच्या आधाराने बाकीचे आपापलं मांडतात.

"अरे, हा तर लेहरा!" मी म्हटलं. एकल तबलावादनात हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे एकच छोटी धून, फिरून फिरून चालू राहतो आणि वादक त्यावर कायदा, रेला, चक्रदार अशा तबल्याच्या रचना मांडत जातो. अगदी तसंच.

फ्यूजन कशाला म्हणायचं, हे मला त्या लेहऱ्यावरूनच उलगडलं. आधीच्या जॅझमध्ये वादकाला पळत्या कॉर्डमागून धावावं लागे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९६९च्या 'इन अ सायलेंट वे'मध्ये खालची जमीन स्थिर केली. तीन जण इलेक्ट्रिक कीबोर्डवर, जोडीला इलेक्ट्रिक गिटार, आणि एकाच सुरावटीवर कितीतरी वेळ मुक्काम. पुढच्याच वर्षीच्या 'बिचेस ब्रू'मध्ये ड्रमवाले एकाहून जास्त. जॅझचा झोकदार स्विंग मागे पडला, रॉक आणि फंकचा सरळ ठोका आला. उपज, म्हणजे वाजवता वाजवता सुचत जाणं, मात्र जॅझचीच राहिली, आणि माझ्या लेखी तीच महत्त्वाची. (निर्माता टिओ मसेरो याने त्या टेप कापून-जोडून रचना उभ्या केल्या. मग ती उपज उरते का, यावर भाच्याचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.)

त्या दोन्ही अल्बममध्ये जॉन मॅक्लॉक्लिनची गिटार आहे. १९७१मध्ये त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला. त्यांच्या 'बर्ड्स ऑफ फायर'मध्ये अठराचं आवर्तन आहे. सोळाला समेवर यायची सवय असलेला हात तिथे दोन मात्रा आधीच उतरू बघतो! बोटांवर मोजत ऐकलं तेव्हा कुठे सम सापडली, आणि मग बिली कोबमचे ड्रम काय ताकदीचे आहेत ते कळलं. एवढ्या गदारोळानंतर त्याच मॅक्लॉक्लिनने 'शक्ती' या बँडमध्ये साधी, विजेविना वाजणारी गिटार घेतली, तिला तरफेच्या, म्हणजे आपसूक झंकारणाऱ्या तारा बसवल्या आणि झाकीरभाईंच्या तबल्यासमोर आणि विक्कू विनायकरामांच्या घटमसमोर बसला. तिथे प्रत्येक जण समोरच्याचं ऐकून उत्तर देतो. बंदिशीमागे नुसता ड्रमसेट लावलेल्या कार्यक्रमांना मी म्हणूनच फ्यूजन म्हणत नाही. तिथे कोणी कोणाला उत्तर देत नाही.

आपल्याकडच्या श्रोत्यांनी तालवादक त्रिलोक गुर्टू नक्की ऐकावा. ठुमरीच्या शोभाताई गुर्टूंचा हा मुलगा. त्याच्या १९८८च्या 'उसफ्रेट' अल्बममध्ये शोभाताई स्वतः गायल्या आहेत. इतक्या दाट तालवाद्यांमध्येही त्यांचा आवाज आपली लय सोडत नाही.

भाच्याने आता वेदर रिपोर्ट या बँडचा १९७७चा 'हेवी वेदर' अल्बम पाठवलाय. त्यातला जॅको पास्टोरियस पडदे नसलेली बेस गिटार वाजवतो, म्हणजे बेसवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड! ऐरोली जायच्या आत पहिली रचना दोनदा ऐकून झाली.