आजाऱ्यांसाठी उभारलेलं देऊळ : प्लातो दासीचं चर्च

फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनीला जाणारे बहुतेक जण ले फाये स्टेशनवर गाडी बदलतात आणि पुढे निघून जातात. तिथूनच जवळून एक नागमोडी रस्ता समोरच्या डोंगरावर, प्लातो दासी नावाच्या वस्तीकडे चढतो. उंची साधारण हजार मीटर, उतार दक्षिणेकडे तोंड केलेला, आणि समोर माँ ब्लाँची रांग. या उन्हासाठी आणि स्वच्छ हवेसाठीच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे क्षयरोग्यांची सॅनिटोरियमं उभी राहिली. आपल्याकडे मिरजेला, पाचगणीला लोक छातीच्या दुखण्यावर हवापालटाला जायचे, तसंच हे ठिकाण. त्यातल्याच सांसेल्मोझ सॅनिटोरियममध्ये १९३४ साली मारी क्युरींनी शेवटचा श्वास घेतला.

सांसेल्मोझमध्ये रुग्णांची आध्यात्मिक सेवा करणारे फादर जाँ देवेमी यांनी या माणसांसाठी चर्च बांधायचं मनावर घेतलं. वास्तुशिल्पी मोरिस नोव्हारिना यांनी ते इथल्या डोंगरी घरांच्या धाटणीवर बेतलं : बर्फाचं ओझं पेलणारं रुंद, उतरतं छप्पर, खाली स्थानिक दगडाचे ठेंगणे, जाडजूड खांब. १९३८ च्या सुमारास सुरू झालेलं काम युद्धात रेंगाळलं आणि ऑगस्ट १९५० मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. नाव ‘नोत्र दाम द तूत ग्रास’, म्हणजे सर्व कृपांची माता.

आतल्या कलेमागे देवेमींचे स्नेही, दोमिनिकन संघाचे फादर मारी-आलँ कुतुरिए होते. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं : श्रद्धा असलेल्या सुमार चित्रकारापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत बरा. आणि त्यांनी ते खरं करून दाखवलं. दर्शनी भिंतीवर मरियामातेच्या लितानीवरचं, म्हणजे तिच्या नामावळीच्या प्रार्थनेवरचं, भलंमोठं मोझाइक आहे. ते करणारा फेर्नां लेजे कम्युनिस्ट. लाल, निळे, पिवळे रंग इतके ठणठणीत, की दगडी खांबांच्या सावलीतही ते अंगावर येतात. आत वेदीमागे जाँ ल्युर्साचा विणलेला पट आहे. त्यावर बायबलमधली सूर्य पांघरलेली स्त्री आणि तिच्यावर झेपावणारा अजगर दिसतो. बाजूच्या एका वेदीवर मातीसचा संत दोमिनिक पिवळ्या फरशांवर काळ्या रेघांत उभा आहे. बोन्नारने आयुष्याच्या अखेरीस रंगवलेला संत फ्रान्सिस द साल्सही इथेच आहे. रुओच्या रंगीत काचांपुढे मी बराच वेळ थांबले, कारण त्या ख्रिस्ताच्या चेहऱ्यावरची वेदना फार शांत आहे.

पण मी मुख्यतः आले होते ते शिल्पकार जर्मेन रिशिएच्या क्रूसासाठी. वेदीवरची ही ब्राँझची मूर्ती फार मोठी नाही. जवळ गेल्यावर शरीर कुठे संपतं आणि क्रूसाचं लाकूड कुठे सुरू होतं ते कळत नाही. हात फांद्यांसारखे लांब ताणलेले, छाती खाली खचलेली, पृष्ठभाग खडबडीत, कुरतडल्यासारखा. चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत. ‘त्याला रूप नव्हतं, सौंदर्य नव्हतं’ हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने केलेलं दुःखी सेवकाचं वर्णन आहे, आणि रिशिएने तेच घडवलं आहे.

१९५१ च्या जानेवारीत आँजे शहरात देवेमींच्या व्याख्यानात कर्मठ कॅथलिकांनी गोंधळ घातला आणि ही मूर्ती म्हणजे ख्रिस्ताची विटंबना आहे, अशी पत्रकं वाटली. थोड्याच महिन्यांत आनसीच्या बिशपांच्या हुकमावरून ती वेदीवरून काढली गेली. वाद रोमपर्यंत पोचला. गंमत नव्हे, दुःख वाटतं ते एवढ्याचंच, की ज्यांच्यासाठी हे चर्च बांधलं, त्या आजाऱ्यांना ही मूर्ती आपली वाटत होती. रोज खोकून छाती पिंजून निघालेल्या माणसाला गुळगुळीत, गोऱ्यापान ख्रिस्तापेक्षा हा ख्रिस्त ओळखीचा वाटला असणार. त्यांचा शब्द आधी ऐकायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. मूर्ती पुन्हा वेदीवर आली ती जवळजवळ वीस वर्षांनी. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यानंतरच्या क्षयावरच्या औषधांनी सॅनिटोरियमांची गरज ओसरत चालली होती.

बाप्तिस्म्याची जागा दोन ज्यू कलावंतांनी सजवली आहे. मार्क शागालने भिंतभर सिरॅमिकच्या फरशांवर तांबडा समुद्र ओलांडणारे इस्रायली लोक रंगवले आणि त्यावर लिहिलं, ‘सर्व धर्मांच्या स्वातंत्र्याच्या नावाने’. त्याच्या सोबतीला जाक लिपशित्झची ब्राँझची मरियामाता आहे. आपण ज्यू आहोत, पूर्वजांच्या श्रद्धेशी एकनिष्ठ आहोत आणि माणसांत सलोखा नांदावा म्हणून ही मूर्ती केली, असं त्याने तिच्यावरच कोरलं आहे. हे दोघेही १९४१ मध्ये नाझींच्या भीतीने फ्रान्स सोडून अमेरिकेला गेलेले. त्याच फ्रान्समधल्या एका डोंगरावर, कॅथलिक बाळांच्या डोक्यावर पाणी घालतात त्या जागेसाठी त्यांनी हे काम केलं. कुतुरिए १९५४ मध्ये गेले, त्यामुळे ही जागा पूर्ण झालेली त्यांना पाहता आली नाही.

शामोनीला जाणार असाल तर अर्धा दिवस इथे नक्की द्या. ऊन असताना जा, म्हणजे काचांचे रंग खुलतात. तळघरातली प्रार्थनेची जागाही चुकवू नका. तिथे मार्गरित युरेच्या काचा आहेत आणि कीनोने रंगवलेलं शेवटचं भोजन आहे. आणि हे आजही गावाचं चालतं चर्च आहे, तेव्हा मिस्सा, म्हणजे उपासना, सुरू असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवून मागच्या बाकावर बसा.