हेल्गोलँडला रात्री पाऊस लागला तेव्हा

पहाटे चारला जाग आली तेव्हा खिडकीवर पावसाची टिपटिप चालूच होती. एप्रिल संपत आलेला. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर या दिवसांत आकाश मोकळं आणि वारा पाठीचा असला, तर उत्तरेकडे निघालेले पक्षी रात्रीच डोक्यावरून निघून जातात. वाटेत पावसाने गाठलं की त्यांना उतरावंच लागतं, आणि उतरायला जमीन म्हणजे हा जेमतेम चौरस किलोमीटरचा लाल खडक.

सहाला आम्ही पक्षी पकडायच्या बागेत होतो. १९१०मध्ये स्थापन झालेल्या इथल्या पक्षी संशोधन केंद्राची ही बाग. झुडपांवरून जाळीचं भलंमोठं नरसाळं घातलेलं, आत जावं तसं निमुळतं होत जाणारं आणि शेवटी काच लावलेली पेटी. आम्ही ओळीने हळूहळू चालत गेलो. पक्षी झुडपाझुडपांतून पुढे सरकत उजेडाकडे गेले आणि अलगद पेटीत शिरले. बेटावरचे लोक पूर्वी खाण्यासाठी कस्तूर पकडायचे. त्यांचीच युक्ती इथल्या संशोधकांनी सुधारून घेतली. आज जगभर या सापळ्याला हेल्गोलँड ट्रॅप म्हणतात.

रिंगिंग, म्हणजे पक्ष्यांच्या पायात आकडा असलेली कडी घालायचं काम, करणाऱ्या बाईंच्या हातात पहिला आला तो विलो वॉर्ब्लर, एक इवलासा वटवट्या. सहाराच्या दक्षिणेला हिवाळा काढून आलेला. त्याची मान त्यांनी दोन बोटांच्या बेचक्यात धरली, पकडीने ॲल्युमिनियमची कडी पायात बसवली, पट्टीवर पंख मोजला. मग छातीवर हलकेच फुंकर मारली. पिसं बाजूला झाली. गळ्याखालच्या खळग्यात प्रवासाच्या शिदोरीचा, म्हणजे चरबीचा, पिवळा डाग दिसायला हवा होता, तो नव्हताच. पातळ कातडीखालून गडद लाल स्नायू तेवढा दिसत होता. वजन ७.४ ग्रॅम. रात्रभर समुद्रावर काय झालं असेल ते मला त्या खळग्यात दिसलं. घशाशी आवंढा आला.

त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. क्षणभर नुसती ऊब आणि धडधड, मग भुर्रकन झुडपात. तिथे बसून त्याने आधी पिसं झटकली आणि लगेच पानामागचं काहीतरी टिपलं.

पुढच्या फेरीत एक थिरथिरा आला. त्याच्या पायात कडी आधीच होती, दोन दिवसांपूर्वी इथेच घातलेली. वहीत वजन १२.६ होतं, आता १४.२ भरलं. बाई मनापासून हसल्या. कडी कशासाठी घालायची, हे मला एवढ्यावरून नीट उमगलं.

दुपारी कड्यावरचे गॅनेट हे समुद्रपक्षी पाहिले. संध्याकाळी आभाळ निवळलं, वारा दक्षिणेचा झाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला बाग जवळजवळ रिकामी होती. पेटीत तीनच पक्षी. त्यातल्या एकाच्या पायात नवीकोरी कडी होती. बाईंनी आकडा वाचला, वहीशी ताडून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. कालचा वटवट्या. ८.१ ग्रॅम.