पेडण्याचा बोगदा आणि नॉट गिव्हन

मी कुडाळला आयेल्ट्सचा, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लास घेते. रीडिंगचे सराव पेपर बरेचदा मीच बनवते, कारण पुस्तकातले पॅसेज पोरांनी आधीच कुठेतरी सोडवलेले असतात. गेल्या महिन्यात विषय घेतला प्रवास, आणि तिसऱ्या सेक्शनचा लांबलचक पॅसेज कोकण रेल्वेवर लिहिला, म्हटलं रोज बघतात ती गाडी, जरा सोपं जाईल. तिथेच फसले.

पॅसेजमध्ये रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा होता, 1998 ला लाईन पूर्ण सुरू झाली ते होतं, आणि गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा, जिथे माती इतकी मऊ आणि ओली की खणलेलं परत परत ढासळायचं, मशीन लावता येईना, शेवटी माणसांनी हाताने खणलं. खाली विधानं, प्रत्येकापुढे पॅसेजप्रमाणे ट्रू किंवा फॉल्स लिहायचं, आणि पॅसेजात त्याबद्दल काहीच नसेल तर नॉट गिव्हन. एक विधान असं की पेडण्याच्या मजुरांना बाकीच्यांपेक्षा जास्त मजुरी मिळायची. आता पॅसेजात मजुरीचा म सुद्धा नाही, म्हणजे नॉट गिव्हन, विषय संपला.

एकाने फॉल्स लिहिलं. पोरगा हुशार आहे, कॅनडाला जायचंय, परीक्षेच्या जनरल प्रकारात रीडिंगला 7 बँड, म्हणजे 7 ची श्रेणी, मिळायला 40 पैकी साधारण 34 मार्क लागतात आणि हा कित्येक दिवस 33 वर अडकलेला. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, "कुठल्या ओळीत आहे, दाखव." तो पेन्सिल ओळींवरून फिरवत राहिला, मग पेन्सिल ठेवली आणि एकदम मालवणीत आला, "मॅडम, माझो बापूस थयच होतो कामाक. जास्त पैसे कोणाक गावले नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, अरे, तुझं खरं आहे, पण पेपर तपासणाऱ्याला तुझे बाबा माहीत नाहीत, त्याच्यासाठी जे छापलंय तेवढंच जग. बोलताना माझं मलाच कसंतरी वाटत होतं. तो काही वाद घालत बसला नाही. फॉल्स खोडलं, इतकं घासून की कागद फाटला, आणि बाजूला नॉट गिव्हन लिहिलं. मार्क मी दिला नाहीच. परत 33.

घरी येऊन ते विधान काढून टाकलं आणि त्याजागी करबुड्याच्या मजुरांबद्दल एक घातलं. पुढच्या बॅचला दोघं रत्नागिरीची आहेत, हे नंतर लक्षात आलं.