लेवीयात अडकलेली आमची रोजची उपासना

वर्षभरात बायबल वाचून काढण्याच्या त्या छापील तक्त्यांवर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. हिशेब सोपा दिसतो. 66 पुस्तके, 1189 अध्याय. रोज तीन, रविवारी पाच, म्हणजे डिसेंबरअखेर शास्त्र पूर्ण. नव्या वर्षाच्या उपासनेनंतर मंडळीत कागद वाटले आणि आम्ही घरी ठरवले, यंदा करायचेच. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके कधी झाली कळलेही नाही. जानेवारी सरता सरता लेवीय हे तिसरे, अर्पणांच्या नियमांचे पुस्तक लागले आणि गाडा रुतला.

होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. चरबी कोणती जाळायची, रक्त कुठे शिंपडायचे. आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात त्या दिवसांत उसाला पाणी द्यायचे तर थ्री फेज वीज येईल तेव्हा रानात जावे लागते, मग रात्रीचे दोन का वाजेनात. पहाटे चिखलाचे पाय धुऊन बसायचे आणि समोर तेरावा अध्याय: कातडीवरचे चट्टे, त्यातले केस पांढरे की काळे, याजकाने, म्हणजे पुरोहिताने, सात दिवसांनी पुन्हा पाहावे. त्याची 59 वचने, पुढच्याची 57. तक्ता मात्र थांबत नाही. ‘राहिलेले अध्याय रविवारी भरून काढावेत’ अशी खाली सूचना. रविवार आला की मला कर्जाची बाकी भरायला शेती सोसायटीत निघाल्यासारखे वाटायचे. देवासमोर बसण्याची वेळ अशी व्हावी, याचे मला फार वाईट वाटत होते.

वर सल्ले देणारे भेटले. एक म्हणाला, लेवीय सोडून द्या, नवा करार वाचा. दुसरा म्हणाला, नुसती नजर फिरवा आणि खूण करा. खूण कुणाला दाखवायची? जे देवाने शास्त्रात ठेवले ते मी कंटाळा आला म्हणून वगळणार नव्हतो.

शेवटी आत्याने तो कागद उचलून कपाटात ठेवला. म्हणाली, “आज बारावा तेवढा वाच. आठच वचने आहेत.” बाळंतिणीने याजकाकडे कोकरू न्यावे, आणि कोकरू परवडत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले न्यावीत, असे त्यात आहे. आत्याला लगेच आठवले. माझी मुलगी कन्नड शाळेत शिकते, तिने तिच्या सत्यवेदातून, म्हणजे कन्नड बायबलमधून, नव्या करारातल्या लूकचा दुसरा अध्याय काढून वाचला. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमला जातात तेव्हा अर्पणाचे हेच पक्षी तिथे सांगितलेत. आत्या म्हणाली, “म्हणजे कोकराला पैसे नव्हते त्यांच्याकडं.” त्या दिवशी आम्ही पुढे काही वाचले नाही.

मग तोच क्रम धरला. लेवीयातले थोडे, त्याच्याशेजारी शुभवर्तमानातले, म्हणजे येशूच्या चरित्रातले थोडे. तेरावा-चौदावा मार्कच्या पहिल्या अध्यायासोबत वाचला. येशू कुष्ठरोग्याला हात लावून शुद्ध करतो आणि सांगतो, याजकाला दाखव, मोशेने नेमलेले अर्पण कर. ते अर्पण कोणते हे आता माझ्या मुलीलाही ठाऊक आहे.

एकोणिसाव्या अध्यायावर तर आम्ही कितीतरी दिवस होतो. शेताचे कोपरे पुरते कापू नका, गरिबाला आणि परक्याला ठेवा. माप खरे ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे राहू देऊ नका. आमच्याकडे पगार बाजारच्या दिवशी द्यायची रीत. ते वचन वाचल्यापासून मी कामाच्या संध्याकाळीच बायांच्या हातात पैसे देतो. सगळ्याजणी फोनवर पैसे घेत नाहीत, म्हणून सुट्ट्या नोटा आधी आणून ठेवाव्या लागतात. भावकीतल्या काहींना हे आवडले नाही. मी रीत बदललेली नाही आणि याचा मला अभिमान आहे.

वेळ पहाटेचीच हवी असे नाही. आम्ही आता संध्याकाळी, जेवणाआधी बसतो. आधी ना. वा. टिळकांचे एखादे गीत, मग वाचन, मग प्रत्येकाची आपल्या शब्दांत प्रार्थना. पाहुणे असले तरी उपासना होते, त्यांनाही बसवतो. अंगात त्राण नसेल त्या दिवशी स्तोत्र 119 मधला एक भाग वाचा. आठ-आठ वचनांचे 22 भाग आहेत, एक पुरतो. नीतिसूत्रांचे 31 अध्याय तारखेप्रमाणे घेतले तर कुठवर आलो हे लक्षात ठेवावे लागत नाही. घरात म्हातारे माणूस असेल तर मोठ्या अक्षरांची मराठी प्रत घ्या. बेळगावात ती दुकानात लगेच हाती पडेल असे धरू नका, आम्हाला बरीच वाट पाहावी लागली.

आणि लेवीय उघडण्याआधी इब्री लोकांस पत्राचे 9 आणि 10 हे दोन अध्याय वाचून घ्या. लेवीयच्या सोळाव्यातला प्रायश्चित्ताचा दिवस मग आपोआप उलगडतो. तक्त्यावर हे कुठेच लिहिलेले नव्हते.