विद्युतदर्शी: तिसऱ्या बरणीत पानं टिकली

विद्युतदर्शी म्हणजे विजेचा भार दाखवणारं साधं उपकरण: बरणीच्या बुचातून आत गेलेली तार, तिच्या टोकाला फॉईलची दोन पानं. भार आला की पानं एकमेकांना ढकलून उघडतात, गेला की मिटतात. माझ्या पहिल्या बरणीतली पानं उघडायची झोकात, पण वीस सेकंदांत मिटायची. फॉईल जड असणार, असं धरून मी पाचसहा वेळा पानंच बदलली. तो सगळा वेळ वाया गेला. फॉईल जाड असली तर पानं कमी उघडतात, लवकर मिटत नाहीत. लवकर मिटतात म्हणजे भार कुठून तरी पळतोय.

पळत होता बुचातून. तांब्याची तार मी सरळ नैसर्गिक बुचात खोचली होती आणि ते बूच हवेतला ओलावा धरून ठेवतं. काचही निर्दोष नाही. दमट हवेत तिच्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो, भाराला तेवढी वाट पुरते.

दुसऱ्या बरणीत बुचाला मोठं भोक पाडून तारेभोवती पॅराफिन मेण ओतलं. चार मिनिटं! पण मेण थापताना बोटं लागली होती, त्यांचा घाम आणि मीठ पृष्ठभागावर राहिलंच.

तिसऱ्या वेळी मेणाऐवजी टेफ्लॉनची नळी वापरली, स्पिरिटने पुसून. बरणीच्या तळाशी वाळवलेले सिलिका जेलचे दाणे. तारेचं वरचं टोक वळवून फॉईलची गुळगुळीत गोळी बसवली, कारण अणकुचीदार टोकातून भार हवेत निसटतो. पानांच्या फाटक्या कडाही याच कारणासाठी नव्या ब्लेडने कापल्या. पानं चिकटवलेली नाहीत, तारेच्या आकड्यात सैल टांगली आहेत.

मग एक गंमत झाली. काहीच जवळ नेलं नव्हतं, तरी पानं थोडी उघडी! नळी बसवताना बुचाशी घासली गेली होती, आणि टेफ्लॉन घासलं की चटकन ऋणभारित होतं. मेणबत्तीची ज्योत लांबूनच फिरवली, तिच्यातल्या आयनांनी, म्हणजे भारित कणांनी, तो भार पुसला.

काल रात्री लोकरीवर घासलेली पीव्हीसीची नळी गोळीजवळ धरली, गोळीला बोट लावलं, आधी बोट काढलं, मग नळी. (क्रम चुकला तर हाती काही लागत नाही.) पानं उघडी राहिली, ४३ मिनिटं. प्रवर्तनाने, म्हणजे नळी न टेकवता नुसती जवळ धरून, आलेला हा भार नळीच्या ऋण भाराच्या उलट, धन असायला हवा. तपासलं: तीच नळी हळूहळू जवळ नेली तर पानं मिटू लागली, रेशमावर घासलेली काचकांडी नेली तर आणखी फाकली. हे डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा आला.

अब्राहम बेनेटने १७८७ मध्ये सोन्याचा वर्ख टांगला होता; माझ्या १६ मायक्रॉनच्या फॉईलपेक्षा तो कितीतरी पातळ. वर्ख मीही आणून ठेवलाय, पण श्वासानेही फाटतो, म्हणून सध्या बाजूला.

मला ओढ आहे ती उरलेल्या गळतीची. निरोधक कितीही चांगला असला तरी हवेतले आयन भार खातातच. याच गळतीचा माग काढत भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस १९१२ मध्ये बलूनमधून ५,३०० मीटर उंच गेला आणि अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांपर्यंत पोचला. माझ्या बरणीत अजून टेफ्लॉनच्या नळीचाच दोष जास्त असणार. आता बरणीमागे कोनमापक लावून दर मिनिटाला फोटो काढतेय, एकदा ताज्या सिलिका जेलसह, एकदा त्याशिवाय. दोन्ही आलेख पुढच्या नोंदीत.