वेबसाइटचे काम अडते ते मजकुरापाशी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका चादर कारखान्याची वेबसाइट मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. दिवाळीनंतर काम हाती घेतले तेव्हा मी दहा आठवड्यांचे वेळापत्रक दिले होते. प्रत्यक्षात सतरा आठवडे लागले. या वाढीव सात आठवड्यांचा मी नंतर वहीत हिशेब मांडला, तेव्हा प्रोग्रॅमिंगमुळे गेलेले दिवस आठवडाभराचेही भरले नाहीत. बाकीचा सगळा वेळ मजकूर, मापे, फोटो आणि होकार यांची वाट पाहण्यात गेला होता. वेळापत्रकाची सुरुवात मी डिझाइनपासून केली, ती मजकुरापासून करायला हवी होती, हे मला या कामाने शिकवले.

पहिल्या बैठकीत कारखान्याच्या मालकांना, म्हणजे अण्णांना, वेबसाइटवरून थेट किरकोळ विक्रीही हवी होती. परंतु पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा) घ्यायचा म्हणजे केवायसीची कागदपत्रे आली, माल परत घेण्याचे धोरण लिहून प्रसिद्ध करणे आले आणि एकेक चादर पाठवण्यासाठी वेगळा माणूसही आला. त्यांचे खरे गिऱ्हाईक परगावचा घाऊक व्यापारी आहे, हे बोलता बोलता स्पष्ट झाले, तेव्हा पहिल्या टप्प्यात फक्त उत्पादनांची माहिती आणि चौकशीचा फॉर्म एवढेच करायचे असे ठरले आणि ते कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. या कागदात एक गोष्ट मात्र लिहायची राहिली: अंतिम होकार कोणाचा. मुखपृष्ठाचे डिझाइन अण्णांच्या मुलाने मंजूर केले, त्यावर आम्ही बारा दिवस काम केले आणि मग अण्णांनी ते प्रथमच पाहून बदलायला सांगितले. दोष त्यांचा नव्हता. विचारण्याचे काम माझे होते.

मजकुराची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. कारखान्याचा जुना मराठी कॅटलॉग युनिकोड (सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो कॉपी करून वेबपानावर टाकला की अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टमध्ये ती चिन्हेच देवनागरीचे रूप घेऊन बसलेली असतात. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यातून निघालेला मजकूर तसाच वापरता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून ओळ न् ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागली.

त्याहून मोठी अडचण म्हणजे कॅटलॉगमध्ये डिझाइनचे नंबर होते, पण मापे आणि वजने नव्हती. मग मी मुनीमजींबरोबर दोन दिवस गोदामात बसलो. गठ्ठा सोडायचा, चादर लांब टेबलावर पसरायची, घडीची सुरकुती तळहाताने दाबून काढायची, टेप लावायची आणि वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहायचा, असा क्रम चालला होता. तेवढ्यात अण्णा आले, थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “हे कोऱ्या मालाचं माप झालं. धुतल्यावर किती आटते, ते व्यापारी आधी विचारतो.” त्यांनी त्याच मापाची, घरात वापरलेली चादर मागवून घेतली आणि तीही टेबलावर पसरली. उत्पादनाच्या पानावर धुतल्यानंतरच्या मापाचा वेगळा रकाना आला तो तिथूनच.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाची कायदेशीर ओळख) आहे, ते पहिल्याच पानावर ठळक दिसावे असा मुलाचा आग्रह होता. मात्र १९९९ च्या कायद्यानुसार हे मानांकन वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, म्हणून नोंदणीचा कागद हातात येईपर्यंत मी ती जागा रिकामी ठेवली.

डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचा, प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. जुने डोमेन आधी काम केलेल्या व्यक्तीने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. कारखान्याने वर्षानुवर्षे पैसे भरले, पण मालकी त्यांच्याकडे नव्हती. ते परत मिळवण्यात तीन आठवडे गेले. आता डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवलेली सर्व्हरवरची जागा) दोन्ही कारखान्याच्या ईमेलवर आहेत, आणि माझ्याकडे केवळ काम करण्यापुरता प्रवेश आहे. छोट्या व्यावसायिकाने याबाबत तडजोड करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

डिझाइनविषयी एकच सांगतो: इंग्रजी मथळ्यांसाठी दिलेले अक्षरांमधील जादा अंतर देवनागरीला लावले, तर शिरोरेषा तुटते. मराठी पानांसाठी ते शून्य ठेवावे आणि वेलांट्या-उकारांसाठी दोन ओळींत मोकळी जागा वाढवावी.

साइट सुरू करण्याचा पहिला मुहूर्त मी जानेवारीच्या मध्यात धरला होता. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सोलापुरात कोण बसून पाने तपासणार? तो आठवडा सरळ वगळायला हवा होता. शेवटी मार्चमधला मंगळवार निवडला, जेणेकरून काही बिघडलेच तर दुरुस्तीला कामाचे दिवस हाताशी राहतील. आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र साठून राहण्याचा अवधी, ३०० सेकंदांवर आणला, जुन्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप वळवणारे कायमचे दुवे, लावले, आणि चाचणीच्या काळात सर्च इंजिनांना दूर ठेवण्यासाठी घातलेली नोइंडेक्सची सूचना काढली. ही सूचना विसरली तर साइट उत्तम चालते, पण गुगलवर सापडत नाही. गोदामातील मोठे फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात आणल्यावर मोबाइलवर मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसू लागले. चौकशीचा फॉर्म मी अण्णांच्याच फोनवरून भरून पाहिला.

त्यानंतर दोन दुपारी मुनीमजींना नवे उत्पादन कसे चढवायचे ते शिकवले. मागच्या आठवड्यात त्यांनी एक नवे डिझाइन मला न विचारता चढवले. मी पान उघडून पाहिले, तर कोरे माप आणि धुतल्यानंतरचे माप, दोन्ही रकाने भरलेले होते.