हरेगावची पायी यात्रा आणि आपल्यातले वाद

नगरहून हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या यात्रेला पायी जायचं ठरवलं तेव्हा आमच्या मंडळीतल्या काहींनी तोंडावरच विचारलं, तू सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), तुझं काय काम रोमन कॅथलिक लोकांच्या यात्रेत? आणि माझी मावशी लग्नानंतर कॅथलिक झाली, तिच्या नणंदेचा प्रश्न बरोबर उलटा, तुम्ही मरियेला मानत नाही मग चालून तुला काय मिळणार. मी दोघांनाही एवढंच म्हणलं की मावशी चालतेय म्हणून मी चालतेय, आणि 8 सप्टेंबरला जिचा जन्मदिवस ती माझ्याही प्रभूची आई आहे, लूकच्या पहिल्या अध्यायातलं तिचं स्तोत्र माझ्याही बायबलमधे आहे.

विळद घाट उतरला आणि पाऊस लागला. नगर-मनमाड रोडला ट्रक चिखल उडवत जातात म्हणून सगळे एका रांगेत, पुढं क्रूस, मागं जपमाळ म्हणणारे, शेवटी कडेवर पोरं घेतलेल्या बाया. जपमाळ मला पाठ नाही, पण तिच्यात मधेमधे प्रभूची प्रार्थना येते, तेवढी आली की मी मोठ्यानं म्हणायचे.

राहुरीला चहाला थांबलो तिथं वाजलं. आमच्यात एक भाऊ होते, एका नव्या प्रार्थना मंडळीतले, बायकोचा नवस म्हणून सोबत आलेले. ते म्हणाले ही मूर्तिपूजा आहे, यानं तारण नाही. लगेच एक पोरगा उसळला, तुमची मंडळी कालची, नुसते स्पीकर लावून ओरडता. दोघांचे आवाज चढले, बाया गप्प झाल्या. मग एका म्हाताऱ्या मास्तरांनी काही न बोलता ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन सुरू केलं, आणि खरं सांगते, ते भाऊ दुसऱ्या ओळीपासून म्हणायला लागले, त्यांची आजी अमेरिकन मिशनच्या चर्चमधली, लहानपणी तिच्याकडूनच ऐकलेलं. टिळकांनी 1917 साली देवाचा दरबार नावाचा मेळा काढला होता, येशूवर प्रेम करणारा कुणीही त्यात चालायचा, बाप्तिस्मा झालेला असो की नसो. शंभर वर्षं होऊन गेली आणि आपण अजून एकमेकांचं तारण मोजत बसलोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मतभेद खोटे आहेत असं मी म्हणत नाही. मरियेला विनवण्या करणं मला आजही जमत नाही, मावशीला ते माहीत आहे. पण 1970 साली सहा चर्च मिळून आमचं सीएनआय झालं तेव्हा त्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणारे होते आणि फक्त मोठ्यांचाच मानणारेही होते, दोन्ही पद्धती चालतील असं ठरवून ते एकत्र आले, कुणाला आधी आपलं चुकलं म्हणायला लावलं नाही. बायबलमधे पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच लिहिलंय ना, कुणी सगळं खातो, कुणी नुसती भाजी, कुणी एखादा दिवस पाळतो, कुणी नाही, दोघंही देवाचेच आभार मानतात, मग न्याय करायला तू कोण.

बेलापूरजवळ प्रवरा ओलांडली, पुढं श्रीरामपूर आणि मग हरेगाव. तिथं नवस फेडायला आलेली हिंदू माणसंपण कितीतरी. मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना झाली, तिच्यातल्या कम्युनियनला, प्रभूचं भोजन घ्यायला मावशी उठली, मी जागेवरच बसले. कॅथलिक नसलेल्यानं ते घ्यायचं नाही हा त्यांचा नियम आहे आणि मी तो पाळला, पण आत खूप दुखलं, एकाच प्रभूचं भोजन आणि मी बाजूला. मावशी परत येऊन माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली, माझा हात धरूनच तिनं प्रार्थना केली. राग धरायला मला जागाच उरली नाही.

आता आमच्या पास्टोरेट कमिटीपुढं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीपुढं, मी एक मांडणार आहे. पुढच्या सप्टेंबरला नगरहून जे पायी निघतील त्यांना पहाटेचा चहा आणि पोहे आपल्या चर्चच्या अंगणात द्यायचे. काहीजण विरोध करणार हे माहीत आहे, पाळकसाहेबांशी आधी बोलून घेईन. मावशीची नणंद म्हणाली, कांदा चिरायला मी येते.